आरोग्यक्षेत्राकडे वळणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी उपक्रम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैद्यकीय महाविद्यालयात जनऔषधवैद्यकशास्त्र, म्हणजे रोगप्रतिबंध आणि समाजाच्या आरोग्याचा विषय, विद्यार्थ्यांच्या भाषेत पीएसएम, शिकवताना दर हिवाळ्यात काही ठरावीक प्रश्न माझ्या टेबलाशी येतात. विचारणारे बहुतेक सेकंड इयरचे असतात. अलीकडे बीएस्सी आणि आयुर्वेदाचे विद्यार्थी आणि कधीकधी त्यांचे पालकही असतात. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. अर्जाच्या तारखा आणि पात्रतेच्या अटी दरवर्षी थोड्याफार बदलतात, त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची अधिकृत सूचना वाचावीच.

उन्हाळी उपक्रम म्हणजे नेमके काय? ते इंटर्नशिपहून वेगळे कसे?

वैद्यकीय शिक्षणात इंटर्नशिप या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर करावयाची ती सक्तीची आंतरवासिता, आणि तिच्यावर नोंदणी अवलंबून असते. उन्हाळी उपक्रम ऐच्छिक असतात, शिकत असतानाच करायचे असतात आणि साधारण दोन महिन्यांत संपतात. त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात : एखाद्या मार्गदर्शकाच्या हाताखाली छोटे संशोधन करणे, संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत काम शिकणे, आणि ग्रामीण किंवा आदिवासी भागातील आरोग्यसंस्थेत राहून तेथील काम जवळून पाहणे. तिन्हींपैकी कोणत्याही प्रकारात विद्यार्थ्याला रुग्णावर उपचार करण्याचा अधिकार मिळत नाही. ‘मला तिथे टाके घालायला मिळतील का?’ असा प्रश्न दरवर्षी किमान दोघे विचारतात. त्याचे उत्तर नाही असे आहे, आणि एखादी जागा हो म्हणत असेल तर तेथे जाऊ नये.

एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची योजना कोणती?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, शॉर्ट टर्म स्टुडंटशिप. सगळे तिला एसटीएस म्हणतात. ही योजना १९७९ मध्ये सुरू झाली. विद्यार्थ्याने आपल्याच महाविद्यालयातील पूर्णवेळ अध्यापकाला गाईड म्हणून घ्यायचे, दोन महिन्यांत पूर्ण होईल असा प्रस्ताव ऑनलाइन सादर करायचा, निवड झाल्यास काम करून अहवाल द्यायचा आणि तो अहवाल मान्य झाला की प्रमाणपत्र व विद्यावेतन मिळते. अलीकडच्या फेऱ्यांत हे विद्यावेतन दोन महिन्यांचे मिळून ५०,००० रुपये होते. इंटर्न आणि पदव्युत्तर विद्यार्थी या योजनेत बसत नाहीत, आणि एकदा एसटीएस पूर्ण केलेल्याला ती पुन्हा मिळत नाही.

येथे दोन गोष्टींकडे विद्यार्थ्यांचे हमखास दुर्लक्ष होते. पहिली ही की रक्कम अहवाल मान्य झाल्यावरच हाती येते. निवड झाली म्हणून घरी पेढे वाटले तरी अहवाल दिला नाही तर काहीही मिळत नाही. दुसरी ही की हे पैसे विद्यार्थ्याचे असतात, संशोधनाच्या खर्चासाठी वेगळा निधी नसतो. त्यामुळे महागड्या किट लागणारा विषय निवडण्याआधी त्या किटचे पैसे कोण देणार, हे विभागप्रमुखांना स्पष्ट विचारून घ्यावे.

पण मेडिकल कॉलेजात मे महिन्याची सुट्टी असते कुठे?

नसतेच, हे खरे आहे. शाळेत मिळायची तशी दीड-दोन महिन्यांची सलग सुट्टी एमबीबीएसला लागल्यावर विसरावी लागते. म्हणून एसटीएस कागदावर उन्हाळी वाटली तरी प्रत्यक्षात वर्ग, वॉर्ड आणि टर्मच्या परीक्षा सांभाळून करावी लागते, आणि तिचे वेळापत्रकही दरवर्षी एकाच महिन्यांत पडते असे नाही. माझा अनुभव असा की जे विद्यार्थी रोज दुपारी दोन तास नियमाने ओपीडीत बसून पाच-सहा रुग्णांची माहिती घेतात त्यांचे काम पूर्ण होते, आणि ‘शेवटच्या पंधरा दिवसांत उरकू’ म्हणणारे शेवटच्या पंधरा दिवसांत फक्त माझे फोन उचलायचे टाळतात.

आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या विद्यार्थ्यांसाठी अशी सोय आहे का?

आहे. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषद बीएएमएसच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्पार्क’ नावाची योजना चालवते. तिची रचना एसटीएसशी मिळतीजुळती असून विद्यावेतन महिना २५,००० रुपयांप्रमाणे दोन महिने दिले जाते. होमिओपॅथीच्या केंद्रीय परिषदेचीही अल्पकालीन विद्यार्थी योजना आहे. या दोन्हींची माहिती महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर क्वचितच लागते. ती स्वतःच शोधावी लागते.

मी बीएस्सी करतो आहे. नीटमध्ये जागा मिळाली नाही. आरोग्यक्षेत्राचे दार माझ्यासाठी बंद झाले का?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज बहुधा खाली गेलेला असतो, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो. रोगाविषयीचे बरेचसे ज्ञान एमबीबीएस न झालेल्या माणसांनी निर्माण केले आहे, आणि आजही विषाणूशास्त्र, रोगप्रतिकारशास्त्र, कर्करोगाचे मूलभूत संशोधन किंवा साथरोगांची आकडेमोड या क्षेत्रांत विज्ञान शाखेतून आलेले लोक मोठ्या संख्येने काम करतात. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला तर यासाठी फार लांबही जावे लागत नाही. पुण्यात राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था आहे, राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आहे आणि आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधनाची संस्था आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था, तर खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचे ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे.

उन्हाळ्यापुरते पाहायचे तर तीन विज्ञान अकादमींची संयुक्त संशोधन फेलोशिप हा सर्वांत परिचित मार्ग आहे. या तीन अकादमी बंगळुरू, नवी दिल्ली आणि प्रयागराज येथील आहेत. निवड झालेला विद्यार्थी दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रम असून त्यात जीवशास्त्राचा समावेश आहे. कोणत्या वर्षाच्या विद्यार्थ्याने अर्ज करावा याची अट प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. अकादमींच्या फेलोशिपचे अर्ज साधारण नोव्हेंबरच्या सुमारास भरावे लागतात, त्यामुळे मार्चमध्ये जाग आली तर ते वर्ष गेले असे समजावे. अर्जासोबत अध्यापकाचे शिफारसपत्र लागते. जे सर तुम्हाला फक्त हजेरीपटावर ओळखतात त्यांच्याकडून ते घेऊ नये.

शिवाय सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमपीएच, कोणत्याही शाखेच्या पदवीधराला अनेक विद्यापीठांत खुली असते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. तेथे जायचा विचार असेल तर प्रयोगशाळेऐवजी एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरात घालवलेला उन्हाळा अधिक उपयोगी पडेल.

गाईड कसा शोधावा?

सर्वांत मोठे नाव असलेले प्राध्यापक शोधू नयेत; वेळ देणारे शोधावेत. एसटीएसमध्ये एका वर्षी एका गाईडकडे एकच विद्यार्थी असतो, त्यामुळे लवकर विचारणे बरे. जाताना ‘सर, काहीतरी टॉपिक द्या’ असे म्हणत रिकाम्या हाताने जाऊ नये. एका कागदावर एक प्रश्न, तो का पडला याच्या चार ओळी आणि ही माहिती कोणाकडून मिळेल एवढे लिहून न्यावे. कागदावरचा प्रश्न चुकीचा असला तरी चालतो. तो चुकीचा का आहे यावर अर्धा तास बोलणे होते, आणि बहुतेक वेळा खरा विषय त्या अर्ध्या तासात सापडतो.

विषय केवढा असावा? किती रुग्ण घ्यावे लागतील?

दोन महिन्यांत एकटा माणूस पूर्ण करू शकेल एवढा. ‘महाराष्ट्रातील स्त्रियांमधील रक्तक्षय’ हा दोन महिन्यांचा विषय नव्हे. ‘आमच्या रुग्णालयाच्या ओपीडीत येणाऱ्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधील रक्तक्षय आणि त्यांनी गेल्या महिन्यात लोहाची गोळी घेतली का’ हा होऊ शकतो.

रुग्णांची संख्या अंदाजाने ठरवायची नसते, तिचे गणित असते. प्रमाण काढायच्या अभ्यासात पीएसएमच्या पुस्तकातले सोपे सूत्र चालते : चार गुणिले पी गुणिले क्यू, भागिले डीचा वर्ग. पी म्हणजे आधीच्या अभ्यासातून माहीत असलेले टक्केवारीतील प्रमाण, क्यू म्हणजे शंभरातून पी वजा करून उरलेला आकडा, आणि डी म्हणजे आपण खपवून घ्यायला तयार असलेली चूक. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत रक्तक्षयाचे प्रमाण सुमारे ५४ टक्के आढळले होते. ते घेतले आणि दहा टक्क्यांची चूक मान्य केली तर ४ × ५४ × ४६ ÷ १०० म्हणजे सुमारे १०० स्त्रिया लागतात. चूक पाच टक्क्यांवर आणायची म्हटली तर भाजक २५ होतो आणि संख्या ३९८ वर जाते. चूक निम्मी केली की काम चौपट होते. हे गणित एकदा स्वतःच्या हाताने फळ्यावर मांडले की विद्यार्थी महत्त्वाकांक्षा आपोआप आवरतात. ते आधी न मांडल्यामुळे जुलैत रडकुंडीला आलेले विद्यार्थीही मी पाहिले आहेत.

प्रश्नावली इंग्रजीत करून तोंडी मराठीत विचारली तर चालते का?

चालत नाही. याचे कारण एका प्रसंगाने सांगतो. आमच्या एका विद्यार्थिनीचा तंबाखूच्या सवयींवर अभ्यास होता. छापील प्रश्न होता, ‘आपण तंबाखूजन्य पदार्थांचे सेवन करता का?’ पायलट, म्हणजे छोटी पूर्वचाचणी, करताना एका गावात ओसरीवर बसलेल्या बाईंना तिने तो तसाच विचारला. त्यांनी मान हलवली, ‘न्हाई बाई, मी कशाला खाऊ तंबाखू.’ तिने ‘नाही’वर खूण केली. सोबतच्या आशाताई शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘मावशी, मिश्री लावता का?’ बाई हसल्या आणि पदराआडून छोटी डबी काढून दाखवत म्हणाल्या, ‘ती तर लावतेच की. सकाळी उठल्यावर, आन् जेवल्यावर. तिच्याबिगर डोकं दुखतं.’

मिश्री म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखूची पूड. ती हिरड्यांना चोळणाऱ्या अनेक बायकांच्या लेखी ती दातवण असते, तंबाखू नव्हे. त्या दिवशी संध्याकाळी प्रश्नावली पुन्हा लिहिली गेली. तंबाखू हा शब्द मागे गेला आणि मिश्री, गुटखा, मावा, खैनी, विडी असे एकेक नाव घेऊन वेगळे प्रश्न आले. पायलटमधील पहिल्या दहा स्त्रियांकडे परत जाऊन विचारल्यावर आधी ‘नाही’ म्हणालेल्यांपैकी काहींचे उत्तर बदलले. प्रश्नावली आधी मराठीत लिहावी, ज्यांना विचारायची त्यांच्यापैकी आठ-दहा जणांना विचारून पाहावी आणि मगच छापावी. आशाताईंना ती आधी वाचून दाखवली तर अर्ध्या चुका तेथेच सापडतात.

उन्हाळ्यात गावात माहिती गोळा करताना काय काळजी घ्यावी?

उन्हाची काळजी सगळे सांगतात, म्हणून ती येथे एका वाक्यात : विदर्भात आणि मराठवाड्यात सकाळी सात ते दहा आणि सायंकाळी पाचनंतर काम करावे, दुपारी सावलीत बसून फॉर्म तपासावेत.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा असा की उन्हाळ्यात गावात कोण असते आणि कोण नसते, यावर तुमचा निष्कर्ष अवलंबून असतो. मे महिन्यात गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात गेलात तर तेंदूपानांच्या हंगामामुळे भल्या सकाळी घरांना कुलपे दिसतील, आणि घरी सापडतील ती म्हातारी माणसे व लहान मुले. बीड जिल्ह्यात उलटे होते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबे हंगाम संपल्यावर परतलेली असतात, त्यामुळे जानेवारीत अर्धे रिकामे असणारे गाव मेमध्ये भरलेले असते. लग्नसराई आणि जत्रांमुळे मुंबई-पुण्याचे पाहुणेही घरोघरी असतात, आणि ते तुमच्या नमुन्यात शिरतात. म्हणून ‘गेल्या सहा महिन्यांपासून या गावात राहणारी व्यक्ती’ अशी अट आधीच लिहावी, बंद घराला किमान दोनदा वेगवेगळ्या वेळी भेट द्यावी आणि तरीही न सापडलेल्या घरांची संख्या अहवालात लपवू नये.

एथिक्स कमिटीची मंजुरी कधी घ्यावी? ती नुसती औपचारिकता आहे का?

एथिक्स कमिटी म्हणजे संशोधनात सहभागी होणाऱ्यांच्या हिताची काळजी पाहणारी समिती. काम सुरू होण्यापूर्वी तिची मंजुरी हातात असलीच पाहिजे. मंजुरीच्या तारखेआधी गोळा केलेली माहिती वापरता येत नाही. अनेक महाविद्यालयांत समितीच्या बैठका मोजक्याच होतात, त्यामुळे निकालाची वाट न पाहता प्रस्ताव पाठवल्याबरोबर तिकडेही अर्ज द्यावा. आयसीएमआरची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे सर्वांना लागू आहेत. संमतीपत्र सहभागी व्यक्तीच्या भाषेत असावे, आणि सात ते अठरा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीबरोबर त्या मुलाची स्वतःची अनुमतीही घ्यावी लागते.

औपचारिकतेबद्दल एवढेच म्हणतो की समिती एक प्रश्न हमखास विचारते आणि विद्यार्थी तेथे अडखळतात : तपासणीत एखाद्या बाईंचे हिमोग्लोबिन सहा ग्रॅम, म्हणजे धोकादायक इतके कमी, निघाले तर तुम्ही काय कराल? ‘एक्सेलमध्ये भरेन’ हे उत्तर होऊ शकत नाही. त्यांना त्याच दिवशी कोठे पाठवायचे, चिठ्ठी कोण देणार, त्या पोहोचल्या की नाही हे कोण पाहणार, हे प्रस्तावातच लिहिलेले असावे.

मला संशोधन नको आहे. गावातील आरोग्यकाम पाहायचे आहे. कोठे जाऊ?

महाराष्ट्राइतकी या बाबतीत समृद्ध राज्ये थोडी आहेत. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, जी डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये उभी केली, विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच आश्रमातील निवासी शिबिर असते आणि पुढे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेऊन तेथे राहते. म्हणजे इतरांनी सुट्टीत शोधायची गोष्ट तेथे अभ्यासक्रमातच आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात गावातील बायकांना, त्यांतल्या अनेक निरक्षर होत्या, आरोग्यसेविका म्हणून तयार केले गेले. या दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडला प्रशिक्षणाची सोयही आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेचे शोधग्राम हे केंद्र आहे. येथे ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी जाऊन बाळाचे वजन आणि तापमान पाहतात, त्या राष्ट्रीय कार्यक्रमाची मुळे या कामात आहेत. ‘सर्च’ने २००६ मध्ये तरुणांसाठी ‘निर्माण’ ही शिबिरांची प्रक्रिया सुरू केली. तिच्यात केवळ वैद्यकीय विद्यार्थी नसतात, आणि प्रवेश निवडीनंतरच मिळतो.

अशा संस्थांना पत्र लिहिताना ‘मला सेवा करायची आहे’ असे लिहू नये, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. दोन आठवड्यांत तुम्ही कोणाची सेवा करणार नसता. तुमच्या राहण्या-जेवणाची आणि प्रश्नांची सोय तेच करणार असतात. काय पाहायचे आहे, किती दिवस येणार आणि कोणते साधे काम करू शकाल, एवढे लिहावे. उदाहरणार्थ, नोंदवह्यांतील आकडे संगणकावर भरणे. त्याच जुन्या नोंदवह्या चाळताना कोणत्या महिन्यात जुलाब वाढतात आणि कोणत्या पाड्याचे नाव पुन्हा पुन्हा येते, हे कळू लागते.

पैसे भरून मिळणाऱ्या ऑनलाइन ‘समर इंटर्नशिप’ घ्याव्यात का?

नाही. ज्या उपक्रमात निवड होत नाही, मार्गदर्शकाचे नाव सांगितले जात नाही आणि पैसे भरताच प्रमाणपत्राचा नमुना दाखवला जातो, तो विकत घेतलेला कागद आहे. निवास-भोजनाचा खर्च घेणे वेगळे; अनेक प्रामाणिक संस्था तो घेतात.

पीजीच्या प्रवेशासाठी याचा फायदा होतो का?

पालकांचा हा पहिला प्रश्न असतो, म्हणून सरळ उत्तर देतो. भारतात पदव्युत्तर प्रवेश नीट-पीजीच्या क्रमांकावर होतो आणि एसटीएसला त्यात गुण नाहीत. परदेशी अर्ज करताना किंवा पुढे संशोधनाच्या वाटेने जाताना अशा कामाची दखल घेतली जाते. पीजीला गेल्यावर प्रबंध लिहिताना मात्र ज्याने आधी एकदा शंभर फॉर्म भरले आहेत तो आणि ज्याने कधीच भरलेले नाहीत तो, यांतील फरक गाईडला पहिल्या आठवड्यात कळतो. काम चांगले झाले असेल तर ते महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ संशोधन महोत्सवातही मांडता येते.

निष्कर्ष अपेक्षेप्रमाणे आला नाही, किंवा अहवाल नाकारला गेला तर?

निष्कर्ष ‘काहीच फरक आढळला नाही’ असा आला तर तो तसाच लिहावा. त्याने अहवाल नाकारला जात नाही. अहवाल बुडतात ते नक्कल केलेल्या मजकुरामुळे, प्रस्तावात लिहिलेली पद्धत मध्येच बदलल्यामुळे आणि मुदत चुकल्यामुळे. माझ्या हाताखालचा एक चांगला अहवाल केवळ शेवटच्या रात्री फाइल चढली नाही म्हणून गेला. त्यात विद्यार्थ्याइतकाच माझाही दोष होता, कारण सही करायला मी तीन दिवस लावले होते. तेव्हापासून मी मुदतीच्या आठवडाभर आधीची तारीख माझ्या डायरीत लिहितो.

ज्यांनी माहिती दिली त्यांना निकाल सांगावा का?

सांगावा, आणि त्यासाठी वेळापत्रकात एक दिवस आधीच राखून ठेवावा. मिश्रीच्या अभ्यासानंतर आमची विद्यार्थिनी त्याच गावातील अंगणवाडीत गेली. आलेख तिने आणलेच नव्हते. जमिनीवर शंभर चिंचोके मांडले, मिश्री लावणाऱ्यांचे वेगळे सरकवले आणि म्हणाली, एवढ्या जणींनी सांगितले. डबीवाल्या मावशी पुढेच बसल्या होत्या. त्यांनी ढिगाकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘ह्यात चार-पाच कमी हायेत. त्या खोटं बोलल्या.’ अभ्यासाच्या मर्यादा या मथळ्याखाली ते वाक्य अहवालात, प्रमाण मराठीत आणि कोणाचेही नाव न घेता, नोंदवले आहे.